वाचक विचारतात : जुन्या इमारतीजवळ भुयारी मेट्रो

प्रश्न : आमच्या शंभर वर्षांच्या दगडी इमारतीपासून १५ मीटरवरून मेट्रोचा बोगदा जाणार आहे. भिंतींना आधीच भेगा आहेत. आत्ताच काय करावं?

उत्तर : चिकणमातीत बोगद्याचा मध्य २० मीटर खोल असेल, तर जमीन साधारण २५ मीटरपर्यंत दोन्ही बाजूंना थोडीफार खचते. म्हणजे तुमची इमारत त्या पट्ट्यात येते. कठीण खडकात खचणं नगण्य, तिथे प्रश्न कंपनांचा. जर्मन मानक डीआयएन ४१५० नाजूक वारसा वास्तूंसाठी पायाशी, १० हर्ट्झच्या आत (सेकंदाला दहापेक्षा कमी हेलकावे), कंपनाच्या वेगाला सेकंदाला ३ मिलिमीटर ही मर्यादा सुचवतं. कंत्राटदाराकडे कंपनांची रोजची नोंद लेखी मागा.

काम सुरू होण्याआधी प्रत्येक भेगेचा मोजपट्टी ठेवून, तारखेसह फोटो काढा. भेगेवर प्लास्टिकचे भेगमापक (भेग किती रुंदावली ते दाखवणाऱ्या पट्ट्या) बसवा. गिलाव्यावर नको, पापुद्रा सुटला की आकडा खोटा येतो. गिलावा खरवडून थेट दगडावर चिकटवा. भेगा ऊन-पावसानेही उघडझाप करतात, म्हणून वाचनं काही महिने आधीपासून हवीत आणि शेजारी तापमानही लिहा. नाहीतर पुढे भांडायला पुरावाच उरत नाही.

सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे वरची नक्षी. आतल्या लोखंडी खिळी गंजून फुगतात, दगड सैल होतो. २०१७मध्ये मुंबईत भुयारी मेट्रोच्या कामाजवळच्या जे. एन. पेटिट इन्स्टिट्यूट या वारसा इमारतीवरचा नक्षीचा तुकडा पडला आणि वाद उच्च न्यायालयात गेला. कळस, कठडे लाकडी हातोडीने ठोकून पाहा; पोकळ आवाज आला तर आधी जाळी बांधा. स्टेशनच्या खड्ड्यातून पाणी उपसत असतील, तर विहिरीची पातळीही मोजत राहा; भूजल उतरलं तरी जमीन खचू शकते.