कोणती प्रत?

प्रिय मित्रा,

तुझे पत्र दोनदा वाचले. ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ या अमेरिकी भयपटाला मराठी उपशीर्षके देऊन तो तुमच्या कॉलेजच्या फिल्म क्लबात दाखवायचा, इथवर तुझे ठरलेले आहे. एक मित्र म्हणतो, हा चित्रपट इंटरनेटवर सगळीकडे फुकट मिळतो, तेव्हा खुशाल दाखव. दुसरा म्हणतो, भारतीय कायद्यात चित्रपटाच्या कॉपीराइटची मुदत साठ वर्षांची, म्हणजे १९६८ चा चित्रपट २०२८ च्या अखेरपर्यंत कोणाच्या तरी मालकीचाच. दोघेही चुकत आहेत, आणि खरा प्रश्न दोघांनीही विचारलेला नाही: कोणती प्रत?

पहिल्या मित्रावर शाई खर्च करत नाही. दुसऱ्याचे गणित बरोबर आहे, पण ते आपल्या चित्रपटांचे गणित आहे. परदेशी कृतीला इथे संरक्षण मिळते ते आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ४० खाली निघालेल्या आदेशामुळे, आणि मूळ देशात जेवढी मुदत आहे तिच्याहून अधिक इथे मिळू नये, हे तत्त्व त्यात आहे. म्हणून आधी अमेरिकेत काय घडले ते पाहावे लागते.

पिट्सबर्गच्या जॉर्ज रोमेरो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हा चित्रपट ‘नाइट ऑफ द फ्लेश ईटर्स’ या नावाने पुरा केला होता आणि हक्काची सूचना, म्हणजे कॉपीराइट कोणाचा हे सांगणारी ओळ, शीर्षकाच्या पाटीवर होती. वॉल्टर रीड या वितरण संस्थेने नाव बदलले, नवी पाटी करून घेतली आणि त्या पाटीवर सूचना घालायची राहून गेली. तेव्हा अमेरिकेत १९०९ चा कायदा लागू होता, आणि त्यानुसार सूचनेशिवाय प्रती प्रकाशित झाल्या की हक्क गमावला जाई. हीच चूक १९७८ नंतर झाली असती तर ती सुधारायला पाच वर्षांची सवलत होती आणि मार्च १९८९ पासून तर सूचनेची सक्तीच उरली नाही. म्हणजे एका विशिष्ट काळात, एका विशिष्ट पाटीवर, एक ओळ नव्हती, एवढ्यावर हा सारा डोलारा उभा आहे. ती पाटी तू स्वतः पाहिली आहेस का? पत्रात तसे कुठे दिसत नाही.

आता माझी गोष्ट, कारण तिच्यामुळेच मला ‘कटकट्या’ हे बिरुद लागले आहे. वीसेक वर्षांपूर्वी आमच्या गावच्या चित्रपट मंडळात मी हाच चित्रपट लावला होता. पत्रके वाटून झाली होती. आदल्या दिवशी एका कंपनीचे पत्र आले की ही आमची मालमत्ता आहे, खेळ केल्यास कारवाई करू. मी घाबरलो आणि सभासदांना सांगितले की प्रोजेक्टरचा दिवा गेला. पुढे कळले की मी आणलेली प्रत रंगवलेली होती आणि कंपनीचा दावा त्या रंगकामावर होता. मूळ कृष्णधवल चित्रपटावर तिचा काडीचाही हक्क नव्हता, आणि कृष्णधवल कॅसेट माझ्या कपाटातच पडून होती! खेळ रद्द करणे त्या घडीला शहाणपणाचे होते असे मी आजही म्हणतो. मंडळाकडे वकिलाला द्यायला पैसे नव्हते. दिव्याची थाप मात्र मारायला नको होती.

म्हणून विचारतो, कोणती प्रत? १९९९ ची आवृत्ती घेशील तर तिच्यात नव्याने चित्रित केलेले प्रसंग आणि नवे संगीत आहे, आणि ते मुक्त नाही. २०१६ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या पुढाकाराने जीर्णोद्धार झालेली देखणी प्रत मागवशील तर ती देणाऱ्याच्या कराराच्या अटी तुला बांधतील, मग मूळ चित्रपट कितीही मोकळा असो. क्लबातल्या मुलांना लख्ख प्रत हवी असते, हे मला कळते. पण लख्खपणा ही कोणाची तरी मेहनत असते.

पाटीवरची सूचना पाहून झाली म्हणजे काम संपले, असेही समजू नकोस. ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ भयपट नाही, तरी तो इथे सांगायलाच हवा. त्याच्या हक्काचे तेव्हा आवश्यक असलेले नूतनीकरण १९७४ मध्ये राहून गेले आणि वर्षानुवर्षे तो कोणत्याही वाहिनीने दाखवला. पुढे १९९३ मध्ये एका कंपनीने मूळ कथेचे आणि संगीताचे हक्क पुढे करून तो पुन्हा मुठीत घेतला. ‘नोस्फेरातू’ची तऱ्हा आणखी वेगळी. १९२२ चा हा जर्मन मूकपट अमेरिकेत केव्हाच मोकळा झाला, पण जर्मनीत मुदत कर्त्यांच्या मृत्यूपासून सत्तर वर्षे मोजतात आणि पटकथाकार हेन्रिक गालेन १९४९ मध्ये वारला, म्हणून तिथे २०१९ संपेपर्यंत थांबावे लागले. त्यातही आज ऐकू येणारे संगीत बहुतेकदा अलीकडच्या कोणाचे तरी असते. पुन्हा तेच, कोणती प्रत?

उपशीर्षकांचे म्हणशील तर संवाद कानाने ऐकून मराठी कर. कोणीतरी तयार केलेली इंग्रजी फाइल समोर ठेवून भाषांतर करशील तर मोकळ्या चित्रपटात परक्याचा माल घुसवशील. स्वतः केलेस तर ती उपशीर्षके तुझी, त्यांवर तुझा हक्क. जाहीर खेळासाठी सेन्सॉरचे प्रमाणपत्र किंवा सूट हा हक्काहून निराळा विषय आहे; त्याची चौकशी प्राध्यापकांमार्फत आत्ताच सुरू कर, शेवटच्या आठवड्यात नव्हे.

प्रत हाती आली की सुरुवातीच्या आणि शेवटच्या पाट्यांची छायाचित्रे काढून मला पाठव, आणि प्रत कोठून आणली, तिची लांबी किती, संगीत कोणते, हे वहीत लिहून ठेव. सगळे नीट जुळले तर खेळाला मी येईन. येताना प्रोजेक्टरचा एक जादा दिवा घेऊन येतो.

तुझा,
एक जुना कटकट्या