काटा, मीटर आणि इथरनेटची डबी

सीरियल उपकरण, म्हणजे तारेवरून एकामागून एक बिट पाठवणारा काटा किंवा मीटर, नेटवर्कवर आणणाऱ्या डबीला कुणी सीरियल सर्व्हर म्हणतं, कुणी कन्व्हर्टर. तिच्याबद्दलचे बरेच प्रश्न साचले होते. त्यातले निवडक घेतो. नावं मुद्दामच गाळली आहेत.

नागपूरच्या कळमना बाजाराजवळ आमचा धर्मकाटा आहे. इंडिकेटरपासून, म्हणजे वजन दाखवणाऱ्या यंत्रापासून, ऑफिस साठेक मीटरवर. लांब केबलवर वजन मधेच बिघडायचं म्हणून सीरियल सर्व्हर घेतला. आता ३५६० किलो अगदी बरोबर दिसतात, पण १२४८० ची गाडी चढली की शून्य सोडून बाकी सगळी भलतीच चिन्हं. दुकानदार म्हणतो डबी खराब आहे. बदलून घेऊ का?

नका बदलू. डबी ठणठणीत आहे, आणि तुम्ही दिलेल्या दोन वजनांतच उत्तर आहे.

तुमचं इंडिकेटर ७ डेटा बिट, इव्हन पॅरिटी (एकांची संख्या सम करणारा तपासणीचा जादा बिट) आणि १ स्टॉप बिट (अक्षर संपल्याची खूण) अशा पद्धतीने पाठवतंय. डबी ८ डेटा बिट आणि पॅरिटी नाही, अशा पद्धतीने वाचतेय. सुरुवातीचा स्टार्ट बिट धरून दोन्हीकडे एका अक्षराचे एकूण बिट १० च होतात, त्यामुळे अक्षराची सुरुवात-शेवट चुकत नाही आणि बिघाड लपून राहतो. मात्र पॅरिटीचा बिट डबीला आठवा डेटा बिट वाटतो. ०, ३, ५, ६ आणि ९ या आकड्यांच्या कोडमध्ये एकाची संख्या सम असते, त्यांचा पॅरिटी बिट शून्य, म्हणून ते जसेच्या तसे दिसतात. १, २, ४, ७ आणि ८ मध्ये ती विषम असते, पॅरिटी बिट एक होतो आणि पडद्यावर कचरा येतो. ३५६० मध्ये सगळे नशीबवान आकडे, १२४८० मध्ये एकटा शून्य. डबीच्या वेब पानावर सीरियल सेटिंगमध्ये ७, इव्हन, १ करा. बॉड रेटला, म्हणजे बिट पाठवण्याच्या वेगाला, हात लावू नका. तो चुकला असता तर ३५६० सुद्धा दिसले नसते.

आता तिथे आहातच तर आणखी दोन गोष्टी बघून घ्या. वजनाची ओळ कधी तुटून येते, आधी १२ आणि मग ४८०, अन् सॉफ्टवेअर १२ किलोची पावती फाडतं. यासाठी डबीत डिलिमिटरची, म्हणजे ओळ संपल्याची खूण ठरवण्याची, सोय असते. तुमचं इंडिकेटर ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न पाठवत असेल तर तिथे त्याचा कोड ०डी भरा, म्हणजे पूर्ण ओळ जमल्यावरच डबी ती पुढे ढकलेल. दुसरं म्हणजे कॉम पोर्टचा, म्हणजे संगणकातल्या सीरियल पोर्टचा, क्रमांक. काट्यांची बरीच सॉफ्टवेअर जुन्या व्हिज्युअल बेसिकमध्ये लिहिलेली आहेत आणि त्यातला सीरियलचा घटक १ ते १६ याच क्रमांकांना ओळखतो. डबी म्हणजे संगणकाचाच कॉम पोर्ट असं भासवणारा आभासी पोर्टचा ड्रायव्हर कॉम २० देऊन बसला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमधून त्याला कॉम ३ किंवा ४ करा.

जुनी केबल का त्रास देत होती, हेही सांगतो. आरएस-२३२ ची, म्हणजे अशा साध्या सीरियल जोडणीची, केबल साधारण १५ मीटरच्या आत ठेवायची असते. साठ मीटरवर ती चालत होती तेवढे दिवस उपकार समजा. डबी इंडिकेटरच्या शेजारी बसवा, ऑफिसपर्यंतचं अंतर इथरनेटला कापू द्या. डबी ऑफिसात ठेवून साठ मीटर सीरियल केबल तशीच ओढणारे लोक मी पाहिले आहेत.

बुटीबोरीतल्या आमच्या युनिटमध्ये १४ एनर्जी मीटर आरएस-४८५ वर (एकाच तारेवर अनेक उपकरणं जोडायची सीरियल पद्धत) आहेत. डबीचा आयपी पत्ता पिंग होतो, म्हणजे नेटवर्कवरून उत्तर देतो. स्काडात (यंत्रांवर देखरेख ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) मॉडबस टीसीपी (मीटरशी बोलायच्या मॉडबस भाषेचं नेटवर्कवरचं रूप) निवडलं, पोर्ट ५०२ दिला, डबीतही लोकल पोर्ट ५०२ केला. कनेक्शन जुळतं, पण प्रत्येक मीटरवर टाइमआउट. मीटरवाला नेटवर्कवर ढकलतो, आयटीवाला मीटरवर.

मीटरही ठीक आहेत आणि नेटवर्कही, म्हणूनच भांडण मिटत नाही. ५०२ हा नुसता दरवाजाचा क्रमांक. तो दिला म्हणून डबी मॉडबस शिकत नाही. टीसीपी सर्व्हर मोडमधला साधा सीरियल सर्व्हर निरोप्यासारखा असतो, जे बाइट हातात पडले ते तसेच पलीकडे नेऊन देतो.

तारेवर काय चालतं ते बघा. पहिल्या मीटरकडून पहिली दोन रजिस्टर (आकडे ठेवायचे कप्पे) मागायची तर मॉडबस आरटीयूत, म्हणजे मॉडबसच्या सीरियल तारेवरच्या रूपात, हे आठ बाइट जातात: ०१ ०३ ०० ०० ०० ०२ सी४ ०बी. शेवटचे दोन म्हणजे सीआरसी, चूक पकडण्यासाठी. हीच मागणी मॉडबस टीसीपीत अशी असते: ०० ०१ ०० ०० ०० ०६ ०१ ०३ ०० ०० ०० ०२. पुढे सहा बाइट जास्तीचे आणि मागचा सीआरसी गायब. तुमची डबी हे बाराच्या बारा बाइट जसेच्या तसे आरएस-४८५ वर ओतते. मीटरला पत्ता दिसतो शून्य, सीआरसी जुळत नाही, आणि तो नियमाप्रमाणे गप्प बसतो. टाइमआउट येणारच.

यातून वाटा तीन. डबीच्या मोडच्या यादीत मॉडबस गेटवे असेल तर तो निवडा, मग ती स्वतः भाषांतर करते. नसेल तर स्काडात 'आरटीयू ओव्हर टीसीपी' असा पर्याय आहे का बघा, बऱ्याच स्काडांत असतो. तोही नसेल तर आभासी कॉम पोर्ट करून स्काडाला साधं आरटीयू सांगा. मी पहिला पर्याय घेईन. संगणक बदलला, विंडोज नवं टाकलं तरी गेटवेला फरक पडत नाही. आभासी पोर्टचा ड्रायव्हर मात्र दर वेळी आठवणीने टाकावा लागतो, आणि तो टाकणारा माणूस तोवर नोकरी सोडून गेलेला असतो.

त्यानंतरही एखादा मीटर गप्प राहिला तर आधी त्याच्या ए आणि बी तारा उलटून बघा. कुठली तार ए आणि कुठली बी, यावर सगळ्या उत्पादकांचं एकमत नाही. त्यामुळे लेबल जुळवून जोडलेली तार उलटी निघू शकते. उलटल्याने काही जळत नाही. तारा एका मीटरवरून दुसऱ्यावर अशा ओळीनेच न्या, पॅनेलमधून चौदा फांद्या फोडू नका. १२० ओहमचा रेझिस्टर ओळीच्या फक्त दोन टोकांना लावा. प्रत्येक मीटरचा पत्ता वेगळा हवा, १ ते २४७ मधला. आणि टाइमआउट बेतानं ठेवा. ९६०० बॉडला वरची मागणी आठ बाइट, उत्तर नऊ बाइट, म्हणजे तारेवरचा वेळ १८ मिलिसेकंदांच्या आसपास, वर मीटर विचार करील तेवढा. तीन सेकंदांचा टाइमआउट आणि तीन प्रयत्न ठेवलेत तर एक बंद मीटर प्रत्येक फेरीत नऊ सेकंद खातो आणि उरलेल्या तेरांचे आकडे शिळे होतात.

वाडीच्या गोदामात नवी डबी लावली, पण नेटवर्कवर दिसतच नाही.

ती दुसऱ्याच मोहल्ल्यात बसली आहे. डबी कारखान्यातून ठरावीक पत्ता घेऊन येते. उदाहरणार्थ मोक्साच्या एनपोर्टचा १९२.१६८.१२७.२५४ असतो. तुमचं गोदाम १९२.१६८.१ वर असेल तर ती दिसणार नाही. लॅपटॉपला तात्पुरता १९२.१६८.१२७.१० द्या, मास्क २५५.२५५.२५५.०, डबीला थेट केबल लावा, वेब पान उघडा आणि तिला तुमच्या रांगेतला कायमचा पत्ता द्या. तो पत्ता राउटर आपोआप वाटतो त्या टप्प्याबाहेरचा असू द्या. नाहीतर एक दिवस कुणाच्या तरी मोबाइलला तोच मिळेल.

मशीन संगणकाच्या बाजूलाच आहे. तरी सीरियल सर्व्हर घ्यावा का?

नाही. यूएसबीची साधी केबल घ्या.

हिंगणा एमआयडीसीत वीज गेली की संगणक बंद पडतो, डबी यूपीएसवर असल्याने चालू राहते. वीज आल्यावर सॉफ्टवेअर पाच-सात मिनिटं जोडतच नाही, मग आपोआप जोडतं. डबीचा प्लग काढून लावला की लगेच होतं.

संगणक निरोप न घेता गेला, त्यामुळे डबीच्या लेखी जुनं कनेक्शन अजून जिवंत आहे. एकाच कनेक्शनची परवानगी असेल तर नव्याला दार बंद. डबी ठरावीक वेळाने पलीकडे कुणी आहे का ते तपासते. काही डब्यांत हा वेळ मुळातच ७ मिनिटं असतो, तुमचा हिशोब त्याच्याशी जुळतोय. 'टीसीपी अलाइव्ह चेक' किंवा 'कीप अलाइव्ह' अशा नावाचं सेटिंग शोधून १ मिनिट करा. कनेक्शनची संख्या दोन करायचा मोह होईल. तो टाळा, कारण दोन सॉफ्टवेअर एकाच वेळी मीटरला विचारू लागली की एकाची उत्तरं दुसऱ्याच्या गळ्यात पडतात.

मालक पुण्याला असतात. राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करून डबी बाहेरून दिसेल असं केलं तर चालेल का? पासवर्ड ठेवला आहे.

अजिबात नाही. तो पासवर्ड बहुतेक वेळा फक्त सेटिंगच्या पानाला असतो. डेटाच्या पोर्टवर जो येईल त्याला डबी काही न विचारता तुमच्या मशीनशी बोलू देते. २३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमधल्या वीज वितरण कंपन्यांवर सायबर हल्ला झाला आणि सव्वादोन लाखांच्या आसपास ग्राहक अंधारात गेले. हल्लेखोरांनी तेव्हा उपकेंद्रांमधल्या याच प्रकारच्या सीरियल-इथरनेट डब्यांचं फर्मवेअर खराब करून टाकलं, म्हणजे वीज आल्यावरही दुरून नियंत्रण करता येऊ नये. कर्मचाऱ्यांना उपकेंद्रांवर जाऊन ब्रेकर हातानं लावावे लागले.

मालकांसाठी राउटरवर व्हीपीएन, म्हणजे बाहेरून आत येण्याची सुरक्षित खासगी वाट, करून द्या. डबीत टेलनेट (दुरून हुकूम देण्याची जुनी, असुरक्षित सोय) चालू असेल तर बंद करा, कारखान्याचा पासवर्ड बदला, आणि डबीत 'कुठल्या आयपीला परवानगी' अशी यादी असेल तर तिथे एकट्या स्काडा संगणकाचा पत्ता लिहा.

पत्र्याच्या शेडमधल्या पॅनेलमध्ये डबी मे महिन्यात दुपारी हँग होते. आणि मागच्या वादळात दोन डब्यांचे सीरियल पोर्ट गेले, इथरनेट मात्र शाबूत.

नागपुरात मे महिन्यात बाहेरच ४५ अंश असतात. पत्र्याखालच्या बंद पॅनेलमध्ये, त्यातही पॉवर सप्लायच्या डोक्यावर, साध्या डबीची ५५-६० अंशांची मर्यादा सहज ओलांडली जाते. डबी पॅनेलच्या तळाशी घ्या, किंवा ७५ अंशांपर्यंत चालणारं मॉडेल मागवा. पंखा लावलात तर धुळीची जाळीही लावा.

फक्त सीरियल पोर्ट जाणं हे तारेतून आलेल्या सर्जचं, म्हणजे विजेच्या क्षणिक झटक्याचं, लक्षण. तुमची आरएस-४८५ ची तार बहुधा एका इमारतीतून दुसरीत उघड्यावरून जातेय. पोर्टला आयसोलेशन (तारेतली वीज आत शिरू न देणारा अडथळा) असलेली डबी घ्या आणि तार जिथे इमारतीत शिरते तिथे, दोन्ही बाजूंना, सर्ज प्रोटेक्टर लावा. त्याची अर्थिंग चांगली हवी, नाहीतर तो नुसता शोभेला. मी असतो तर दोन शेडमध्ये फायबर टाकून प्रत्येक शेडला वेगळी डबी दिली असती. मधल्या अंतरात तांबंच राहत नाही, आणि दोन डब्या दर पावसाळ्यापूर्वी बदलण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.