चीक, चिकू आणि चिक्कू

प्रश्न असा आला आहे: "चीक असतो म्हणून चिकू, असं आमचे आजोबा सांगायचे. पण हा शब्द मेक्सिकोतल्या आझ्टेकांचा आहे, असं कुठेतरी वाचलं. खरं काय? आणि लिहायचं कसं, चिकू की चिक्कू?"

आजोबांना हसू नका. कच्च्या चिकूला नख लावून बघा, पांढरा चीक लगेच बोटाला लागतो. अर्धवट पिकलेला खाल्ला तर ओठ चिकटतात. एवढा पुरावा हाताशी असताना कोण मेक्सिकोला जाईल? तरीही शब्द तिकडचाच.

आझ्टेक, म्हणजे स्वतःला 'मेशिका' म्हणवणारे लोक, नाहुआत्ल भाषा बोलत. ती मेलेली नाही; मेक्सिकोत आजही सोळा लाखांहून अधिक लोक ती बोलतात. मऊ, गोड गराच्या बऱ्याच फळांना त्या भाषेत 'त्सापोत्ल' म्हणत आणि त्याआधी एखादा शब्द जोडून नेमकं फळ सांगत. आपण सीताफळ, रामफळ म्हणतो तसंच. चिकू होता 'शिकोत्सापोत्ल'. 'शिकोत्ली' म्हणजे गांधीलमाशी किंवा भुंगा, तेव्हा हे झालं भुंग्याचं फळ. काही जण पहिला भाग 'त्सिक्त्ली', म्हणजे डिंकासारखा चिकट पदार्थ, असा लावतात. मला पहिली फोड पटते, पण 'त्सिक्त्ली'कडे परत यायचं आहे.

१५१९ मध्ये एर्नान कोर्तेस हा स्पॅनिश सरदार आझ्टेकांच्या राजधानीत, तेनोच्तित्लानला पोचला. तिथल्या बाजारात रोज साठ हजारांवर माणसं खरेदी-विक्री करतात, असं त्याने स्पेनच्या राजाला कळवलं. फळांबद्दल लिहिताना मात्र गडी अडला आणि स्पेनमधल्यासारख्या चेरी आणि आलुबुखार आहेत, असं लिहून मोकळा झाला. १५२१ मध्ये शहर पडलं, स्पॅनिश लोक तिथे राहिले, तेव्हा स्थानिक नावं तोंडात बसवणं भागच पडलं. शब्दाअखेरचा 'त्ल' त्यांना जमेना, त्याचा त्यांनी 'ते' केला. तोमात्ल झाला तोमाते, आवाकात्ल झाला आग्वाकाते (आपला अ‍ॅव्होकाडो), त्सापोत्ल झाला सापोते. 'शिको'च्या जागी त्यांना स्वतःच्या भाषेतला 'चिको' ऐकू आला. चिको म्हणजे लहान. भुंगा उडाला आणि 'चिकोसापोते', म्हणजे जणू 'छोटा सापोते', उरला.

१५६५ पासून मेक्सिकोतलं अकापुल्को ते फिलिपिन्समधलं मनिला अशी स्पॅनिश गलबतं जात-येत होती. फिलिपिन्समध्ये या फळाला आजही 'चिको' म्हणतात आणि मलेशियाच्या मलय भाषेत 'चिकू'. मलय उच्चार आणि आपला उच्चार यात फरक करायला जागाच नाही. गंमत म्हणजे भारताने हे नाव वाटून घेतलंय. मराठी, गुजराती, हिंदीने पुढचा अर्धा भाग घेतला. तमिळ, तेलुगूने मागचा, सपोटा. शास्त्रीय नाव 'मनिलकारा झापोटा'. त्यातला पहिला शब्द मलयाळममधून घेतलेला, दुसरा नाहुआत्लमधून.

म्हणजे स्पॅनिशांनी ऐकलं 'लहान', आपण ऐकला 'चीक'. दोन्ही लोकव्युत्पत्ती. परक्या शब्दाला आपल्या घरातला अर्थ चिकटवून घेतला की तो परका राहत नाही. डहाणू-घोलवडच्या वाड्यांमध्ये चिकूचं कलम खिरणीच्या खुंटावर बांधतात. खाली देशी मूळ, वर मेक्सिकोची फांदी. शब्दाचंही नेमकं तेच झालंय.

आता त्सिक्त्ली. हा चिकूच्याच झाडाचा वाळवलेला चीक, आणि आझ्टेक तो चघळत. फ्रान्सिस्कन पाद्री बेर्नार्दिनो दे साआगुन याने सोळाव्या शतकात नाहुआ लोकांकडून माहिती घेऊन बारा भागांचा ग्रंथ सिद्ध केला, त्यात या चघळण्याची रीत आहे. अविवाहित मुलींनी चारचौघांत चघळलं तरी चालायचं. विवाहितांनी आणि विधवांनी घरात, कुणी बघत नसताना. पुरुषांनी तर अगदी लपून. बाजारबसव्या मात्र भर बाजारात चिपळ्या वाजवल्यासारखा कटकट आवाज करत चघळत फिरायच्या. बसमध्ये शेजारी कुणी च्युइंगम चघळत बसलं की मला हेच आठवतं. संबंधही आहेच: त्सिक्त्लीचं स्पॅनिशमध्ये झालं 'चिक्ले' आणि एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्कच्या थॉमस अ‍ॅडम्सने त्यापासूनच च्युइंगम बनवायला घेतलं. आपल्या लहानपणीचं 'चिकलेट' त्या चिक्लेवरूनच.

तर मग त्सिक्त्ली आणि आपला चीक, चिकट हे भाऊभाऊ का? नाही. चिकट-चिकण ही मंडळी संस्कृत 'चिक्कण'च्या घरातली, आणि त्या घराचा नाहुआत्लशी काही संबंध नाही. आवाज जुळला, अर्थही जुळला, निव्वळ योगायोगाने. असे योगायोग हाती लागले की काही जण मराठीतून सगळ्या जगाची भाषा काढून दाखवतात. त्यांच्या नादी लागू नका.

राहिला 'चिकू की चिक्कू'. फळाला चिकूच लिहा. हातगाडीवरच्या पाटीवर 'चिक्कू' दिसतो, ज्यूसच्या दुकानात 'चिक्कू शेक'ही मिळतो, पण मराठीत चिक्कू म्हणजे कंजूष माणूस.