घरच्यांसोबत पहिला डाव मांडताना

रोल-प्लेइंग गेम म्हणजे एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं होऊन आपण काय करतो ते सांगायचं, आणि ते जमलं का हे फाशाने ठरवायचं. त्यासाठी नियमांचं पुस्तक पाठ करत बसू नकोस. वीस बाजूंचा एक फासा, कागद, पेन्सिल आणि तासाभराची गोष्ट, पहिल्या दिवशी एवढं पुरे. फाशावर 10 किंवा जास्त पडले की काम फत्ते. म्हणजे 55 टक्के संधी, मुलं हिरमुसत नाहीत. फासा चुकला तरी नुसतं "नाही जमलं" म्हणून थांबू नकोस. कुलूप उघडलं, पण खडखडाटाने पहारेकरी जागा झाला, असं सांग. गोष्ट पुढे सरकायला हवी. आमच्या धाकटीने एकदा तलवार उपसण्याऐवजी राक्षसालाच विचारलं, "तुला भूक लागलीय का?" मी आखलेली लढाई तिथेच सोडली आणि तो राक्षस आमच्या टोळीत आला. धाकट्यांच्या वतीने मोठ्यांना मात्र ठरवू देऊ नकोस.