दोनशे वाचक आहेत, नोकरी सोडू का?

प्रश्न : मी २३ वर्षांची आहे. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन एका कार्यालयात हिशेबाचं काम करते. सोबत लघुकथा लिहिते. हजार-बाराशे शब्दांच्या, बहुतेक नात्यांवरच्या आणि दुःखाच्या. आजोबांच्या जाण्यावर लिहिलेली कथा (सोबत जोडली आहे) वाचून अनोळखी लोकांची पत्रं आली. आता सुमारे दोनशे जण माझी प्रत्येक कथा वाचतात आणि त्यातले तीसेक जण दर वेळी आवर्जून कळवतात. मागची कथा थोडी हलकीफुलकी होती, तर एका वाचकाने लिहिलं, 'या वेळी रडू आलं नाही.' तेव्हापासून लिहायला बसले की हात अडतो. मासिकांकडून नकार येतात. एक प्रकाशक पुस्तक काढायला तयार आहे, पण छपाईचा खर्च मी द्यायचा. नोकरी सोडून पूर्णवेळ लिहू का? बाबा म्हणतात, लोकांच्या डोळ्यांतल्या पाण्यावर घर चालत नाही.

उत्तर : नोकरी आत्ता सोडू नकोस. पण त्यामागचं माझं कारण बाबांच्या कारणापेक्षा वेगळं आहे, म्हणून ते नीट सांगते. तुझे वाचक खरे आहेत आणि त्यांच्याशी जुळलेलं नातं मोलाचं आहे. दर महिन्याचा पगार हातात आहे, तोवरच तुला त्यांच्यासाठी मोकळेपणाने लिहिता येईल. ज्या दिवशी घरभाडं कथेवर अवलंबून राहील, त्या दिवसापासून 'या वेळी रडू आलं नाही' हे वाक्य तुला हुकमासारखं ऐकू येईल.

आधी कथेबद्दल बोलते, कारण करिअरचा प्रश्न तिथूनच सुटायला लागतो. आजोबांना कमी ऐकू यायचं म्हणून टीव्ही मोठ्याने लावलेला असायचा आणि ते गेल्यावरही कितीतरी दिवस घरात कुणी तो आवाज कमी केला नाही, हे तू एका वाक्यात सांगून पुढे गेलीस. तिथे माझे डोळे भरून आले. शेवटच्या परिच्छेदात मात्र 'काळीज पिळवटून निघालं', 'अश्रूंचा बांध फुटला', 'मी पोरकी झाले' असं सगळं एकामागून एक आलं आणि तिथे मी कोरडी राहिले. रशियन कथाकार अंतोन चेखव यांनी १८९२ मध्ये लिदिया अविलोवा या लेखिकेला पत्रातून हेच सुचवलं होतं. दुःखी, दुर्दैवी माणसं रंगवताना वाचकाला हेलावून सोडायचं असेल, तर लिहिणाऱ्याने स्वतः थोडं थंड राहावं, म्हणजे त्या दुःखाला पार्श्वभूमी मिळते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. टीव्हीच्या वाक्यात तू थंड राहिलीस, म्हणून तिथे मला माझ्या घरातलं माणूस आठवायला जागा मिळाली. शेवटच्या परिच्छेदात सगळी जागा तुझ्याच रडण्याने व्यापली.

छोट्या कथेची ताकद इथेच आहे. अमेरिकी कथाकार एडगर ॲलन पो यांनी १८४२ मध्येच म्हटलं होतं की एका बैठकीत संपणाऱ्या कथेत परिणाम अखंड राहतो. मध्ये जगाची कामं येऊन तो तोडत नाहीत. मेलनी ग्रीन आणि टिमोथी ब्रॉक या मानसशास्त्रज्ञांनी २००० साली वाचकाच्या कथेत हरवून जाण्याचा अभ्यास केला. त्यांना दिसलं की जो वाचक जितका जास्त गुंततो, तितकी कथेशी जुळणारी मतं त्याच्या मनात घर करतात. दिवसभराच्या धावपळीतून दहा मिनिटं काढणाऱ्या माणसाला तुझी कथा पूर्ण गुंतवू शकते, कादंबरीला त्यासाठी आठवडा लागतो. नाव नसलेल्या लेखकाला अनोळखी माणूस आठवडा देत नाही, दहा मिनिटं देतो. म्हणून सुरुवातीच्या, धडपडीच्या काळात लघुकथा हा वाचक मिळवण्याचा अतिशय चांगला मार्ग आहे, असं मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक लिहित्या मुलाला सांगते.

वाचक मिळाला, तरी तो टिकतो का, हा पुढचा प्रश्न. त्यासाठी एक काम कर. त्या तीस जणांची आजवरची पत्रं एकत्र काढून सलग वाच. 'खूप छान', 'रडवलंस' एवढंच लिहिणारे बाजूला ठेव. 'माझ्या मावशीच्या घरी अगदी असंच झालं होतं' असं म्हणत ज्यांनी स्वतःचं काही सांगितलं, त्यांची पत्रं वेगळी काढ. कोणत्या कथेतल्या कोणत्या ओळीनंतर त्यांना ते आठवलं, ते शोध. माझा अंदाज आहे की बहुतेक वेळा ती ओळ मृत्यूची नसेल. टीव्हीच्या आवाजासारखी एखादी साधी, नेमकी पाहिलेली गोष्ट असेल. हे वाचक तुझ्या नजरेसाठी येतात. तुझी नजर हलक्या कथेतही तीच राहिली, तर ते तिथेही येतील.

ज्याला रडू आलं नाही, त्याच्यावर रागावू नकोस. त्याला तुझ्याकडून एक अनुभव मिळाला होता, तो त्याने पुन्हा मागितला, इतकंच. पण ती मागणी पुरवायला लागलीस तर दर कथेत आधीपेक्षा मोठं दुःख आणावं लागेल. आज आजोबा, उद्या आई, परवा लहान मूल. काही महिन्यांत वाचकाला पहिल्या ओळीतच कळेल की इथे कुणीतरी जाणार आहे, आणि मग तो तुझ्यावर विश्वास ठेवणं सोडून देईल. हलकी कथा लिहिणं थांबवू नकोस.

आणखी एक गोष्ट तुझ्या पत्रात नाही, पण ती लवकरच येईल. भावनेला हात घालणाऱ्या लेखकाकडे लोक आपलं दुःख घेऊन येतात. कुणी रात्री उशिरा लिहितं, कुणी रोज लिहितं. अशा पत्राला मायेने उत्तर दे, पण एखाद्याचं दुःख पेलण्यापलीकडचं वाटलं, जगण्याचाच कंटाळा आल्याची भाषा दिसली, तर त्याला प्रशिक्षित समुपदेशकाकडे किंवा मदत-वाहिनीकडे जायला स्पष्ट शब्दांत सांग. ते काम तुझं नाही आणि कथा लिहिता येते म्हणून ते जमेल असंही नाही. तसंच, वाचकाने विश्वासाने सांगितलेली हकीकत त्याला विचारल्याशिवाय कथेत घेऊ नकोस, नाव बदलूनही नाही. घरच्यांच्या बाबतीतही हाच नियम पाळ.

आता पैशाचं. इथून पुढचं बाबांनाही वाचायला दे.

अमेरिकी लेखक केविन केली यांनी २००८ मध्ये एक हिशेब मांडला, जो आजही कलावंतांमध्ये फिरतो. एक हजार खरे चाहते असले आणि प्रत्येकाने वर्षातून साधारण एका दिवसाची कमाई त्या कलावंतावर खर्च केली, तर त्याचं भागू शकतं. तू हिशेबनीस आहेस, त्यामुळे यातल्या अटी तुझ्या लगेच लक्षात येतील. पैसे मध्यस्थाशिवाय थेट कलावंताला मिळायला हवेत, आणि एका दिवसाच्या कमाईइतकं विकत घेण्यासारखं काहीतरी दर वर्षी त्याच्याकडे तयार हवं. तुझ्याकडे दोनशे वाचक आहेत, त्यातले खरे चाहते तीस धरू, आणि विकायला अजून एकही पुस्तक नाही. हजाराच्या आकड्यापासून तू बरीच लांब आहेस, पण दिशा चुकलेली नाही.

लोकप्रियता आणि सुस्थिती या दोन गोष्टी एकत्र येतातच असं नाही, हे बाबांचं म्हणणं खरं आहे. अमेरिकी कथाकार ओ. हेन्री यांच्या कथा न्यू यॉर्कच्या एका वृत्तपत्रात दर आठवड्याला छापून यायच्या आणि लोक त्यांची वाट पाहायचे. तरीही १९१० मध्ये ४७व्या वर्षी ते गेले तेव्हा हाती फारसं काही उरलेलं नव्हतं. त्यात दारूचा आणि सढळ हाताचाही भाग होता, पण आठवड्याला कथा पुरवण्याचा ताण किती असतो, हे तिथे दिसतं. चेखव यांचं उदाहरण मला जास्त उपयोगाचं वाटतं. वैद्यकीचं शिक्षण घेताना ते विनोदी नियतकालिकांत छोटे-छोटे तुकडे लिहून घर चालवत होते, १८८४ मध्ये डॉक्टर झाले आणि लिहीतही राहिले. १८८६ मध्ये ग्रिगोरोविच या ज्येष्ठ लेखकाने त्यांना पत्र लिहून कळवलं की तुमच्यात मोठी प्रतिभा आहे, ती घाईच्या लिखाणात घालवू नका. त्या पत्रानंतर चेखव यांनी आपल्या लेखनाकडे जास्त गांभीर्याने पाहिलं. एका जाणत्या वाचकाचं वजन एवढं असू शकतं. अमेरिकी कथाकार रेमंड कार्व्हर यांनीही लहान वयात संसार आणि दोन मुलं अंगावर असताना रुग्णालयात रात्रपाळीला साफसफाईसारखी कामं केली. कथाच का लिहिल्या, तर एका बैठकीत पुऱ्या होतील एवढाच वेळ हाताशी होता.

तेव्हा तुझी नोकरी ही लेखनाच्या आड येणारी गोष्ट मानू नकोस. मात्र ती लेखनाच्या जवळ नेता येईल. प्रकाशन, श्राव्य-कथा आणि मालिका निर्मितीच्या क्षेत्रात रॉयल्टीचा, हक्कांचा हिशेब समजणारी माणसं लागतात, आणि कथाही कळते अशी हिशेबनीस तिथे सहज भेटत नाही. दुसरीकडे संपादन आणि मुद्रितशोधन शिकून घे. त्यातून जोडउत्पन्न होतं आणि स्वतःच्या वाक्यांकडे कठोरपणे पाहायची सवय लागते. तुझे संवाद चांगले आहेत, म्हणून श्राव्य-कथांसाठी संहिता लिहून पाहा. जाहिरातीचं लेखन मी तुला सुचवणार नाही, कारण दिवसभर हुकमी भावना लिहून संध्याकाळी खरी लिहिणं फार थोड्यांना जमतं.

प्रकाशकाला सध्या नकार कळव. स्वखर्चाने पुस्तक काढण्यात कमीपणा काहीच नाही, पण मग तो प्रकाशन-व्यवहार तुझा हवा. प्रती तुझ्या, विक्री तुझी, हक्क तुझे. खर्च तुझा आणि हक्क त्याचे, असा करार होत असेल तर तू पैसे देऊन आपलीच कथा गमावतेस. लेखकांच्या हक्कांविषयीच्या बर्न या आंतरराष्ट्रीय करारानुसार सदस्य देशांत कथा लिहून झाली की तिचा स्वामित्वहक्क आपोआप लेखकाकडे येतो, त्यासाठी नोंदणीची अट नाही. म्हणून कोणत्याही करारावर सही करण्याआधी बघ की छपाई, श्राव्य, अनुवाद आणि चित्रपट हे हक्क वेगवेगळे लिहिलेत का, मुदत किती आहे आणि पुस्तक बाजारात मिळेनासं झालं तर हक्क परत येतात का. यातलं एकही कलम मोघम असेल तर सही करू नकोस.

मासिकांच्या नकारांचं फार मनावर घेऊ नकोस. संपादकाने एक ओळ जरी स्वतःहून लिहिली असेल, तर त्याच ठिकाणी पुढची कथा पाठव.

पुढच्या वर्षभरासाठी माझी सूचना अशी. महिन्याला एक कथा, त्याहून जास्त नको. आठवड्यातल्या ठरावीक दोन-तीन वेळा लेखनासाठी राखून ठेव आणि घरच्यांना त्या सांगून ठेव. वाचकांच्या परवानगीने त्यांचे पत्ते स्वतःकडे, तुझ्याच वहीत नोंदवून ठेव. वाचक कुठल्या तरी तिसऱ्याच्या ताब्यात असतील, तर ते एका दिवसात हातचे जाऊ शकतात. बारा कथा झाल्या की त्यातल्या उत्तम आठ निवड आणि छोटा संग्रह काढायचा आहे असं वाचकांना कळवून आधी मागणी नोंदवायला सांग. दोनशेपैकी किती जण पैसे भरतात, हा आकडा तुला माझ्या सल्ल्यापेक्षा जास्त सांगेल. दोन संग्रहांची विक्री आणि जोडउत्पन्न मिळून पगाराच्या निम्म्यापर्यंत सलग वर्षभर पोहोचलं, तर अर्धवेळ नोकरीचा विचार करायला बसू, आणि त्या बैठकीला बाबांनाही घेऊन ये.

तोवर एक छोटं काम आहे. आजोबांच्या कथेचा शेवटचा परिच्छेद काढून टाक आणि स्वतःचं काही सांगणाऱ्या वाचकांपैकी दोघांना ती पुन्हा वाचायला दे. ते काय म्हणाले, ते मला कळव.