खुडूक कोंबडीला कळपाच्या नजरेआड करू नका, जाळीआड करा

हिंगणघाटकडच्या दादा, तुमचा प्रश्न वाचला आणि आमची कापसाची खोली डोळ्यांपुढे आली. गावरान कोंबडी खुडूक झालीय, म्हणजे अंडी उबवायला बसलीय, आणि ११ अंड्यांवर बसून तिला १७ दिवस झाले. कोठ्यात बाकी १४ कोंबड्या आणि २ कोंबडे, त्यातल्या दोघी-तिघी रोज तिच्याच खाली अंडं घालून जातात. म्हणून तिला घरामागच्या बंद खोलीत हलवू का, असं तुम्ही विचारलंय. नका हलवू. अगदी हेच मी केलं होतं.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. यवतमाळ जिल्ह्यात १४-१५ वर्षं गावरान कोंबड्या पाळतेय, तेवढीच माझी लायकी. वनराज-गिरिराज या सुधारित जाती पाळणाऱ्यांनी माझं फार मनावर घेऊ नये, त्या कोंबड्या सहसा खुडूकच बसत नाहीत.

तर झालं असं. त्या वर्षी जानेवारीत कापूस विकला आणि खोली रिकामी झाली. मला वाटलं, पक्की भिंत, पक्कं दार, मुंगूस नाही की मांजर नाही, याहून चांगलं काय? सासूबाई म्हणाल्या होत्या, "तिले तेथीसाच राहू दे वं, साऱ्याइले दिसली पायजे." मी ऐकलं नाही. ११ पैकी ९ पिल्लं निघाली आणि नऊच्या नऊ जगली. शेजारणी बघायला यायच्या, मी मिरवायचे. दीड महिन्याने पिल्लं टणक झाली, आता काही होत नाही, असं म्हणत एका सकाळी दार सताड उघडलं आणि चहा ठेवायला आत गेले.

बाहेर आले तोवर अंगणात नुसता गलका. दीड महिना न दिसलेली कोंबडी म्हणजे कळपाला परकीच. आमची जुनी तुरेवाली थेट तिच्या डोक्यावर चढली. आई तिकडे भिडली आणि इकडे पिल्लांची पांगापांग. दोघांची डोकी टोचून टोचून फोडली होती. दोन कुपाटीत घुसली ती परत दिसली नाहीत. पुढच्या आठवड्यात आणखी दोन गेली, कारण खाद्यापाशी त्यांना कुणी येऊच देईना. ९ ची ३ झाली.

आणि खरी चूक नुसतं दार उघडण्याची नव्हती, हे मला फार उशिरा कळलं. पाच-सहा आठवड्यांनी गावरान कोंबडी पिल्लं तोडायला लागते, स्वतःच चोच मारून लांब करते. म्हणजे तिची माया आटत आली तेव्हाच मी त्यांना कळपात लोटलं. दहा-बारा दिवसांची पिल्लं असताना हीच आई कुत्र्याच्याही अंगावर जाते. तेव्हा सोडायला हवं होतं.

म्हणून आता मी ती बसली असेल त्याच कोपऱ्याभोवती जाळी उभी करते. चार फूट बाय तीन फूट पुरे. दिवसातून एकदा ती उठते, खाते, भलीमोठी विष्ठा टाकते आणि परत बसते, तेवढी जागा हवी. बाकीच्या कोंबड्या जाळीबाहेरून रोज बघतात, आठ दिवस कुरकुरतात, मग सवय होते. तिच्या ११ अंड्यांवर कोळशाने खूण करा आणि नंतरची रोज काढून घ्या. नाहीतर २१ व्या दिवशी पहिली पिल्लं निघाली की दोनेक दिवसांत ती उठते आणि मागची अंडी थंड पडतात. पहिले दोन दिवस पिल्लांना दाणा नाही म्हणून घाबरून तिला उठवू नका. पोटातल्या बलकावर त्यांचं भागतं.

दहाव्या-बाराव्या दिवसापासून दिवस मावळायच्या तासभर आधी आईसकट सोडायचं आणि समोर बसून राहायचं. घरी परतायची वेळ असते, भांडण लांबत नाही. जाळीच्या तळाशी चार बोटांची फट ठेवा. पिल्लू पळून आत शिरतं, मोठी कोंबडी बाहेर अडकते. पिल्लांचा भरडा आतच ठेवा. अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं खाद्य त्यांना देऊ नका, त्यातला चुना त्यांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही. नर कोंबड्यांची मात्र काळजी करू नका, आमच्याकडे तरी त्यांनी पिल्लांना कधी काही केलं नाही.

विषय निघालाच आहे तर लसीचंही सांगते. मानमोडी म्हणजे राणीखेत रोग, त्याच्या लासोटा लशीचा थेंब पाच-सात दिवसांच्या पिल्लाला लागतो. त्या ९ पिल्लांसाठी मी एका सरकारी दवाखान्यात तीन चकरा मारल्या. नाव घेत नाही. पहिल्यांदा, साहेब मीटिंगला. दुसऱ्यांदा, "नऊ पिल्लांसाठी शंभर डोसांची कुपी कोण फोडते बाई?" तिसऱ्यांदा फ्रीजच बंद. कुपी एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते, हे मलाही समजतं. पण मग गावात दिवस ठरवा, दवंडी द्या, आम्ही आणतो ना पिल्लं! आता आम्ही चार-पाच घरं मिळून पिल्लं एकाच सुमारास काढतो आणि थर्मासात बर्फ घालून एकच कुपी आणतो. बाप्पा, जे त्यांनी करायचं ते आम्हीच करतो.

राहिलं पाण्याचं. पसरट परळ ठेवा आणि त्यात खडे टाका, नाहीतर पिल्लं बुडतात. खाली तुसावर राख आणि सुका कडुनिंबाचा पाला पसरा, उवा-पिसवा कमी होतात. आणि उद्या जाळी आणायला जाल तेव्हा अर्ध्या इंचाचीच मागा. दुकानदार एक इंचाची गळ्यात मारतो. तिच्यातून लहान पिल्लं पहिल्याच दिवशी कुठूनही बाहेर पडतात. मग आत यायला तुम्ही ठेवलेली फट शोधायची सोडून आई दिसते तिथेच जाळीवर डोकं आपटत चिवचिवत बसतात. मांजराला आणखी काय पाहिजे?