युद्धाला मंजुरी कुणाची?

प्रश्न : अमेरिकेच्या राज्यघटनेनुसार युद्ध पुकारण्याचा अधिकार काँग्रेसचा, म्हणजे तिथल्या संसदेचा. पण राष्ट्राध्यक्ष तर परस्पर बॉम्बहल्ले करतात. मग हा अधिकार नुसता कागदावरच उरला का?

उत्तर : बऱ्याच अंशी हो, आणि त्याचा दोष मी राष्ट्राध्यक्षांपेक्षा काँग्रेसला जास्त देते. तिने शेवटची रीतसर युद्धघोषणा केली ती जून १९४२ मध्ये, बल्गेरिया, हंगेरी आणि रुमानियाविरुद्ध. १९५० मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी कोरियात सैन्य उतरवलं ते तिला न विचारताच.

पण एकच प्रकरण वाचायचं असेल तर टोंकिनच्या आखाताचं वाचा. ऑगस्ट १९६४. व्हिएतनामजवळ अमेरिकेच्या विनाशिकांवर (युद्धनौकांवर) उत्तर व्हिएतनामने दोनदा हल्ला केला, असं राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या सरकारने सांगितलं. २ तारखेचा हल्ला खरा होता. ४ तारखेचा झालाच नव्हता, हे पुढे उघड झालं. पण ७ तारखेला काँग्रेसमध्ये ठराव मंजूरसुद्धा झाला होता: कनिष्ठ सभागृहात ४१६ विरुद्ध ०, सिनेटमध्ये, म्हणजे वरिष्ठ सभागृहात, ८८ विरुद्ध २. राष्ट्राध्यक्षांना ‘आवश्यक ती सर्व पावलं’ उचलायची मुभा मिळाली. किती सैन्य, किती काळ, याचा उल्लेखच नाही! विरोधात मत देणारे ते दोघे, वेन मोर्स आणि अर्नेस्ट ग्रुनिंग, यांच्याबद्दल मला फार आदर आहे. १९६८ मध्ये दोघांच्याही जागा गेल्या. तोवर व्हिएतनाममध्ये पाच लाखांवर अमेरिकन सैनिक पोहोचले होते.

राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचा नकाराधिकार मोडून काढत १९७३ मध्ये काँग्रेसने कायदा केला: सैन्य लढाईत उतरवलं की ४८ तासांत काँग्रेसला कळवा, मंजुरी नसेल तर ६० दिवसांत थांबा, माघारीला फार तर आणखी ३०. पळवाटा निघाल्याच. १९९९ मध्ये कोसोवोच्या प्रश्नावरून युगोस्लाव्हियाविरुद्ध चाललेल्या हवाई मोहिमेला मंजुरी देण्यावर कनिष्ठ सभागृहात २१३-२१३ अशी बरोबरी झाली, म्हणजे मंजुरी नाही. तरी बॉम्बफेक ७८ दिवस चालली, आणि त्याच काँग्रेसने तिच्यासाठी पैसेही दिले. २०११ मध्ये लिबियावरच्या हवाई हल्ल्यांबाबत ओबामा सरकारने तर कायद्याच्या अर्थाने ही लढाईच नव्हे, असं सांगितलं.

काँग्रेसने मनावर घेतलं की काय होतं, तेही दिसलं आहे. कंबोडियावरची बॉम्बफेक १५ ऑगस्ट १९७३ ला थांबली, कारण तिने पैसाच तोडला. तेव्हा पुढच्या वेळी अशा मतदानाची बातमी आली, की ठरावात मुदत घातली आहे का आणि खर्च कुणी मंजूर केला, एवढं आधी बघा.